ह्यांना विचारून सांगते

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं गॅलरीत मटार सोलत बसलो होतो. जानेवारीतला रविवार, पाठीवर ऊन. साहेब म्हणाले, "सिस्टर, ईस्टरनंतर मंडळीत पाच लग्नं आहेत. लेंट (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) लागायच्या आधी त्या मुलामुलींचा एक वर्ग घेतोय. तुम्ही दोघं या. भाऊंनी 'कुटुंबाचं मस्तक' ह्यावर दहा मिनिटं बोलावं, तुम्ही 'सुज्ञ गृहिणी'वर."

माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "ह्यांना विचारून सांगते."

'हे' दीड फुटावर बसले होते. शेंगा फोडून निम्मे दाणे वाटीत, निम्मे तोंडात. त्यांनी भुवया उडवल्या, म्हणजे विचार की मग. मी फोन ठेवला आणि विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांना कळवून टाकलं, "हे हो म्हणालेत."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली. हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल आणि त्यातल्या किती वेळा खरोखर विचारलं असेल, असा हिशोब त्या दिवशी मटार निवडता निवडता डोक्यात सुरू झाला. तो काही चांगला निघाला नाही.

चर्चमध्ये मला सिस्टर म्हणतात आणि दवाखान्यातही म्हणायचे, त्यामुळे मागून हाक आली की क्षणभर कळत नाही, प्रार्थना करायची आहे की सलाईन लावायचं आहे. सरकारी नोकरी चौतीस वर्षं झाली, त्यातली निम्मी प्रसूतीच्या वॉर्डात. तिथे हे वाक्य रोज ऐकायचे. एक बाई अजून डोळ्यांपुढे आहे. तिसरं बाळंतपण, हिमोग्लोबिन सहा, टाके घालून झालेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता तांबी बसवून घे बाई. ती छताकडे बघत म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते." मी बाहेर गेले. 'हे' म्हणजे जिन्यात बसलेला पंचविशीतला पोरगा, हातात स्टीलचा डबा. त्याला समजावून सांगितलं. तो उभा राहिला, डबा ह्या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाला, "आईला विचारून सांगतो." आई गावी. तेव्हा मोबाइल नव्हते. दीड वर्षाने ती बाई परत आली, चौथ्यासाठी, आधीपेक्षा पांढरी पडलेली. त्या घरात निर्णय कुणी घेतला, कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. कुणीच घेतला नव्हता. कायदा पाहिला तर १९७१ पासून सज्ञान बाईला गर्भपातासाठीसुद्धा नवऱ्याची सही लागत नाही. पण कागद पुढे केला की पेन हातात घ्यायच्या आधी बाई दाराकडे बघते. हे मी हजार वेळा पाहिलंय.

ती बाई ख्रिस्ती नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्यातल्या पुष्कळांना वाटतं की घर कसं चालवायचं ते आपण पवित्र शास्त्रातून शिकलो. कसलं काय. ते आपण आजीकडून शिकलो, आणि आजी ते बाप्तिस्मा व्हायच्या आधीपासून शिकून आली होती. आपल्या वाक्याला वचनाचा टेकू मिळाला, एवढाच काय तो फरक.

टेकू म्हणजे बायबलातलं पौलाचं इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय, बाविसावं वचन. स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा. लगेच पुढे, जसा ख्रिस्त मंडळीचं मस्तक तसा पती पत्नीचं मस्तक. आमच्याकडे हे लग्नात वाचतात. माझ्या आईच्या वेळी तर नुसतं वाचून भागत नसे. तेव्हा सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, व्हायची होती (ती १९७० साली झाली), आमच्याकडची मंडळी अँग्लिकन, आणि इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात 'आज्ञा पाळीन' असं वधूने म्हणायचं होतं, वराने नाही. आई सांगायची, "मी इतकं हळू म्हटलं की पाळकांनी पुन्हा म्हणायला लावलं. दोनदा म्हटलं म्हणून तुझ्या आप्पांना वाटलं, दुप्पट पाळायची आहे."

आमचे आत्ताचे पाळकसाहेब तरुण आहेत, पुण्याच्या सेमिनरीत शिकून आलेले, ग्रीक येतं. वर्गाची तयारी म्हणून चहाला आले होते तेव्हा त्यांनी एक गंमत सांगितली. ग्रीकमधल्या अगदी जुन्या काही हस्तलिखितांत बाविसाव्या वचनात क्रियापदच नाही. 'स्त्रियांनो, आपापल्या पतींच्या' एवढंच आहे. 'अधीन असा' हे मागच्या, एकविसाव्या वचनातून ओढून आणायचं. आणि एकविसाव्यात काय आहे? ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा.

मी म्हटलं, "म्हणजे आमचं बाविसावं एकविसाव्याच्या उधारीवर चालतं."

साहेब हसले. "तसं म्हणता येईल. पण माईकवर म्हणू नका."

मी नंतर कपाटातल्या बायबलच्या दोन-तीन प्रती काढून बघितल्या. दोन्ही वचनांच्या मध्ये जाड अक्षरातला मथळा घालून नवा परिच्छेद पाडलेला. छापणाऱ्याचा काही वाईट हेतू नसणार. पण मथळ्याच्या वरचं कुणी वाचत नाही, हे नोटीस बोर्डावरचे कागद वाचून मला पक्कं माहीत आहे.

साहेब दुसरंही बोलले, उत्पत्तीत हव्वेसाठी आलेल्या 'अनुरूप साहाय्यक' ह्या शब्दांवर. हिब्रूतला शब्द 'एझेर'. तोच शब्द एकशे एकविसाव्या स्तोत्रात देवासाठी आलाय, 'मला साहाय्य कोठून येईल' तिथे. हे मला फार आवडलं. कारण साहाय्यक म्हटलं की माझ्यापुढे आमची सहाय्यक परिचारिका उभी राहते. पगार कमी, कामं सगळी, आणि चूक झाली की मेमो पहिला तिला.

आता दुसरी बाजू. आमच्या मंडळीत एक ज्येष्ठ काका आहेत, वडीलमंडळात बरीच वर्षं. त्यांचं मत ठरलेलं: एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. ते करिंथकरांस पहिलं पत्र काढतात, अकरावा अध्याय, ख्रिस्ताचं मस्तक देव, पुरुषाचं मस्तक ख्रिस्त, स्त्रीचं मस्तक पुरुष. उतरंड देवाने लावली, आपण कोण मोडणार. ह्यावर हसायला सोपं आहे, पण मी हसत नाही. त्यांची बायको नऊ वर्षं अंथरुणाला खिळली होती. मी ड्रेसिंग करायला जायचे. काका तिला स्वतः स्पंजिंग करायचे, वळवायचे, आणि रविवारी चर्चला निघायच्या आधी तिची वेणी घालायचे. घट्ट, नीट, शाळेतल्या मुलीसारखी. पतींनो, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती करा, हे पंचविसावं वचन त्या माणसाने अक्षरशः केलंय. म्हणून त्यांच्या तोंडी 'मस्तक' हा शब्द वेगळा लागतो. मात्र एकदा मी विचारलं, "काका, काकू हिंडत्या-फिरत्या होत्या तेव्हा घराचं कोण ठरवायचं?" ते म्हणाले, "तीच. मला काय कळत होतं?"

असं सगळीकडे आहे. पण माझी अडचण काकांशी नाही, माझ्या त्या वाक्याशी आहे.

हे वाक्य नुसतं दावं असतं तर त्यावर लिहायला मी बसले नसते. मी ते छत्रीसारखं वापरलंय. विमा एजंट आला, ह्यांना विचारून सांगते. भिशीत नको असलेली बाई घुसू पाहतेय, ह्यांना विचारून सांगते. महिला मंडळाच्या सहलीला जायचा कंटाळा आलाय, ह्यांना विचारते हं, आणि दोन दिवसांनी पडलेल्या चेहऱ्याने, 'हे नको म्हणतात गं.' बायका लगेच समजून घेतात. स्वतःच्या नावावर नाही म्हटलं असतं तर चार जणींनी चार महिने लक्षात ठेवलं असतं. नवऱ्याच्या नावावर नाही म्हटलं की उलट सहानुभूती मिळते. आमचे हे मंडळीत जरा कडक म्हणून ओळखले जातात. ह्या माणसाने आयुष्यात मला सहलीला जाऊ नको म्हटलेलं नाही. उलट मी गेले की दोन दिवस आम्लेट खाऊन टीव्ही बघता येतो म्हणून ते वाटच बघत असतात.

हे झालं गमतीचं. गंमत नाही असंही एक आहे.

माझं माहेर दिंडोरी तालुक्यात. तीन एकर जमीन, त्यातली दोन एकर द्राक्षबाग. आप्पा करायचे, आता धाकटा भाऊ करतो. २०११ साली त्याला ठिबक बदलायचं होतं, वर एका व्यापाऱ्याने आदल्या हंगामाचे पैसे बुडवलेले. नाशिककडे ही गोष्ट नवीन नाही. शिवार सौदा होतो, माल गाडीत भरतो, थोडी उचल मिळते आणि बाकीच्यासाठी फोन लागत नाही. भावाने माझ्याकडे ऐंशी हजार मागितले. होते माझ्याकडे, माझ्याच खात्यात. पण मुलीचं बारावीचं वर्ष, शिवाय त्याने आधीचे पंधरा परत केले नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला द्यायचेच नव्हते. मी म्हटलं, "ह्यांना विचारून सांगते." चार दिवसांनी सांगितलं, "हे नाही म्हणतात रे."

ह्यांना त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून भाऊ ह्यांच्याशी कामापुरतं बोलू लागला. ह्यांना वाटायचं, त्याचा स्वभाव आहे. ख्रिसमसला फराळाचा डबा घेऊन जायचे, भाऊ डबा घ्यायचा आणि बागेत औषध मारायचं राहिलंय म्हणून निघून जायचा. मी स्वयंपाकघरातून बघायचे. बारा वर्षं बघितलं. नवऱ्याला कुटुंबाचं मस्तक करून ठेवायचं आणि दगड आले की ते मस्तक पुढे करायचं, ह्याला काय म्हणतात ते मला पौलाच्या कुठल्याही पत्रात सापडलेलं नाही.

ह्यांचंही एक आहे, ते त्यांनीच परवा सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून लिहिते. हे नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. १९९८ साली एका मित्राला पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहिले. मला सांगितलं नाही. मित्राने हप्ते थांबवले आणि ह्यांच्या पगारातून कपात सुरू झाली. मला कळलं ते पँट धुवायला टाकताना खिशात पगाराची चिठ्ठी सापडली तेव्हा. पाच महिने हा माणूस रात्री पाणी प्यायला म्हणून उठायचा आणि अंधारात ओट्याला टेकून उभा राहायचा. मला वाटायचं, ॲसिडिटी. मी भांडले, अर्थातच भांडले. पण त्यांचं उत्तर आठवतं. म्हणाले, "घरचा कर्ता मी. मलाच कळायला हवं होतं. तुला विचारलं असतं तर मग मी कसला कर्ता?" तीन वर्षं माझ्या पगारावर घर चाललं आणि हे आम्ही कुणालाही, सासूबाईंनाही, कळू दिलं नाही. सासूबाई शेवटपर्यंत शेजारणींना सांगत होत्या, आमच्या लेकामुळे घर उभं आहे, सूनबाईंचा पगार काय, वरखर्चाला.

आप्पा २०२२ ला गेले. मृत्युपत्र नव्हतं. वर्षभराने भावाचा फोन. तलाठ्याकडे वारसनोंद झाली आहे, आता तेवढं हक्कसोडपत्र करून टाकू, आईची सही होतेय, तू एक दिवस ये, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दहा मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे बहिणी हे करतात. माझ्या ओळखीतल्या सगळ्या ख्रिस्ती बहिणींनी केलंय. शेजारच्या मराठा, माळी, वंजारी बहिणींनीही केलंय, ह्या बाबतीत सगळे धर्म एकदिलाने नांदतात. गंमत अशी की ख्रिस्ती मुलीला वारसा मिळावा म्हणून नव्याने काही व्हायची गरज नव्हती. १९२५ चा भारतीय वारसा कायदा आम्हाला लागू. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलगे-मुलींना सारखं. आमच्यात दोन भावंडं आणि आई, म्हणजे तिघांना बरोबर एकेक एकर. शंभर वर्षं हे कागदावर आहे आणि शंभर वर्षं आम्ही ते कचेरीत जाऊन सोडतोय.

फोन स्पीकरवर होता. मी कणीक मळत होते, हात भरलेले. सवयीने म्हणून गेले, "ह्यांना विचारून सांगते."

भाऊ म्हणाला, "विचार, विचार दाजींना. त्यांनी तेव्हा ऐंशी हजारालाही नाहीच म्हटलं होतं."

हे समोर पेपर वाचत होते. पेपर खाली आला. फोन संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग विचारलं, "कसले ऐंशी हजार? मी कधी नाही म्हटलं?"

मी सांगितलं. परातीकडे बघत सांगितलं. ते ऐकत राहिले, मग उठले, गाडीची किल्ली घेतली आणि दूध आणायला गेले. दूध सकाळीच आलं होतं. तासाभराने परत आले, हातात दुधाची पिशवी. मी ती फ्रीजमध्ये ठेवली. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "शेत तुझ्या वडिलांचं. सही तुझी. ह्यावेळी मला विचारू नको, आणि माझं नाव सांगू नको."

त्या रात्री मला आईची एक जुनी गोष्ट आठवली. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. आमच्या गावातून बायका गेल्या होत्या. आईलाही जायचं होतं, कांदा-भाकर बांधून तयार होती. आप्पांना विचारलं, ते नाही म्हणाले. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा म्हणून, तेव्हा गावातल्या काहींनी लावलंही. आप्पा म्हणाले, "आपल्यात बायबल आहे. आपल्याला त्याची काय गरज?" मी तेव्हा नर्सिंगला होते, सुट्टीत घरी आले होते. मला ते उत्तर तेव्हा फार रुबाबदार वाटलं होतं.

मी हक्कसोडपत्रावर सही केली नाही. भावाला स्वतः फोन केला, नवऱ्याचं नाव न घेता नाही म्हटलं, आणि ऐंशी हजारांचं खरं काय ते पण सांगितलं. तो किती तरी वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अक्का, हे तू आधी सांगायला हवं होतं." वहिनी अजून बोलत नाही. आईने माझं ऐकून सही केली नाही असा तिचा समज आहे. तो खरा आहे.

तर वर्ग. फेब्रुवारीतला शनिवार, चर्चमागचा हॉल, प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या, पाच जोडपी आणि त्यांच्या पाचही आया. आयांना कुणी बोलावलं होतं कळलं नाही. साहेबांनी सुरुवातीला ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाईंचा दाखला दिला, आमच्याकडे प्रत्येक लग्नाच्या भाषणात देतातच. आदर्श ख्रिस्ती दांपत्य. मला राहवलं नाही. मी म्हटलं, साहेब, आदर्श खरं, पण टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायकोला विचारलं नव्हतं. लक्ष्मीबाई इथल्याच, आपल्या जलालपूरच्या. ती काही वर्षं वेगळी राहिली, मग परत आली, आणि बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, तिला पटलं तेव्हा. नवऱ्याने घेतला म्हणून दुसऱ्या दिवशी रांगेत उभी राहिली नाही. टिळक १९१९ ला गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट होतं, ते कुणी लिहून पुरं केलं? पाठीमागून एक आई म्हणाली, "लक्ष्मीबाईंनी." संडे स्कूलचं उत्तर द्यावं तसं.

मग हे उठले. त्यांचं भाषण मी लिहून दिलं होतं, कालनिर्णयच्या डिसेंबरच्या पानामागे, मोठ्या अक्षरात, कारण चष्मा विसरतात. त्यांनी चार ओळी वाचल्या. 'प्रिय मुलांनो, मस्तक ह्या शब्दाचा अर्थ अधिकार असा आपण घेतो.' तिथे थांबले. पान उलटून डिसेंबरच्या तारखा बघितल्या, पुन्हा सुलटं केलं.

"हे हिने लिहिलंय," म्हणाले. "सगळं हीच लिहिते. मी प्रेसच्या युनियनमध्ये बोललो ते पण हिनेच लिहिलं होतं. मस्तक म्हणजे काय ते मला नीट कळलेलं नाही. मला एवढंच माहीत आहे की ते फार दुखतं." हॉलमध्ये हशा. मग त्यांनी जामिनाची गोष्ट सांगितली. अंधारात ओट्याला टेकून उभं राहायची पण सांगितली. तेव्हा कुणी हसलं नाही. ऐंशी हजारांचं मात्र सांगितलं नाही. ते मला सांगायला ठेवलं असणार. मी सांगितलं नाही. एवढ्या आया समोर असताना धीर झाला नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

माझी पाळी आली. 'सुज्ञ गृहिणी' म्हणजे नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय. त्यातली बाई पहाटे उठते, लोकर कातते, ते सगळ्यांना पाठ असतं. सोळावं वचन कुणाला आठवत नाही. ती विचार करून शेत विकत घेते, आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. कुणाला विचारते असं लिहिलेलं नाही. नवरा कुठे असतो? वेशीपाशी वडीलमंडळात बसलेला असतो. मी एवढंच म्हटलं आणि काकांकडे बघितलं. काका खोकले. मग मुलींना वारशाचा कायदा सांगितला, आणि घटस्फोटाचाही: ख्रिस्त्यांच्या १८६९ च्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरायचं, बायकोला मात्र त्याच्या जोडीला छळ किंवा सोडून जाणं असलं आणखी काही सिद्ध करावं लागायचं, आणि हे बदलायला २००१ उजाडलं. लग्नाच्या वर्गात घटस्फोट काढला म्हणून दोन आया नाराज झाल्या.

शेवटी एका मुलीने विचारलं. आयटीत आहे, पुण्याला असते, होणारा नवरा शेजारीच होता. "आंटी, पण दोघांचं पटलंच नाही तर शेवटचा शब्द कोणाचा?"

सगळ्यांना हेच हवं होतं. साहेबही पुढे सरकून बसले. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे वॉशिंग मशीन सात वर्षं आलं नाही. ह्यांना वरून उघडणारं हवं होतं, मला पुढून. सात वर्षं मी हाताने धुतलं आणि ह्यांनी पिळलं. मग ह्यांचा खांदा धरला आणि पुढून उघडणारं आलं, कारण वाकायला मला जमत होतं. ती म्हणाली, "म्हणजे शेवटचा शब्द डॉक्टरचा?" मुलगी हुशार आहे.

घरी येताना शरणपूर रोडवर सिग्नलला थांबलो होतो, तर ह्यांना पास्टरेट कमिटीतून फोन आला, खजिनदार व्हाल का म्हणून. हे म्हणाले, "हिला विचारून सांगतो." पलीकडचा माणूस इतका मोठ्याने हसला की मला मागच्या सीटवर ऐकू आलं. त्याला वाटलं, विनोद केला. मी तेहतीस वर्षं हेच म्हणतेय, कुणी हसलेलं नाही.

परवा भावाने द्राक्षांचं क्रेट पाठवलं, दरवर्षीसारखं. आधी स्वतः आणायचा, आता पिकअपच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो. थॉमसन, घड मोठे, वरची लव अजून पुसलेली नाही. चार मणी तोंडात टाकले. आंबट. शुगर भरायला अजून आठ-दहा दिवस हवे होते. मी फोन लावला आणि सांगितलं, घाई केलीस, कच्ची तोडलीस.

"व्यापारी मागे लागलाय अक्का," तो म्हणाला. "रोख देतोय. बरं, खालच्या अंगाच्या एकरातली ठेवू का अजून दहा दिवस? ती तुझी आहे म्हणून विचारतोय."

मी तोंड उघडलं. हे समोरच होते, क्रेटमधून मणी निवडून खात होते. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा, सवयीने.

"ठेव," मी म्हटलं.